फेज किती

बर्डीच्या दुसऱ्या माळ्यावर, हेडाऊंच्या काउंटरवर
दोन खोके. नावात एका अक्षराचा फरक,
किमतीत तेराशे पन्नासचा.
चिपसेट तोच. रॅमच्या चार खाचा दोन्हीकडे.
काळा रंग तोच, वॉरंटी तीनच वर्षं.
तीन आठवडे मी दोघांचे तक्ते शेजारी मांडून
रात्री दोन-दोनपर्यंत बोटानं ओळी जुळवत होते.
एवढ्या बारकाईनं तर आत्यानं
माझ्यासाठी स्थळंही पाहिली नव्हती.

"दोन्ही सारखेच हो ताई," हेडाऊ म्हणाले,
"या स्वस्तवाल्यात वायफाय हाय, अन् लाइटा हायेत.
पोट्टे लाइटावालाच नेतात."

बाबा आले होते ते फक्त
गाडीवर मागे बसून कॅबिनेट धरायला.
वीज मंडळात चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस,
माझ्या गेमला अजून 'तुझा तो गोंधळ' म्हणतो.
स्टुलावर बसून मठ्ठा पीत होते.
ग्लास खाली ठेवला आणि विचारलं,
"फेज किती?"

हेडाऊंनी माझ्याकडे पाहिलं.
यात दहा, मी म्हटलं, त्यात चौदा.
"मंग सारखे कसे?"

त्यांनी शोकेसमधला उघडा बोर्ड मागून घेतला,
कडांना धरून, पोळलेली ताटली धरावी तसा.
प्रोसेसरच्या खाचेभोवती
अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर अंगठा फिरवला,
तोच डावा, ज्याला अठ्ठ्याण्णवपासून नख नाही.
मग दुसऱ्यावर. तिथला ठोकळा
बिस्किटाएवढा.

"मे महिन्यात इतवारीतल्या डीपीसमोर
आमी कूलर लावून ठेवत होतो.
मानसं घरात उकडून राह्यली अन् कूलर डीपीले.
लोकं खिडकीतून शिव्या देत.
देऊ दे. तो बसला असता,
तर सारी गल्ली अंधारात."

माझ्या तक्त्यात तापमानाचा रकाना होता.
खाली बारीक अक्षरात लिहिलेलं:
खोली, एकवीस अंश.
ती खोली नागपुरात नव्हती.
माझी आहे, हुडकेश्वरला, स्लॅबखाली,
जिथं रात्री नऊलाही भिंतीला पाठ टेकवत नाही
आणि कूलरचं पाणी
संध्याकाळी बादलीनं दोनदा भरावं लागतं.

खरं सांगते, मला लाइटा हव्या होत्या.
कडेकडेनं पळणारा तो निळा-जांभळा रंग
मी मनात केव्हाच खोलीत लावून टाकला होता.
आणि वायफाय तर हवंच, राउटर खाली बैठकीत.
त्याऐवजी तेराशे पन्नास वरून द्यायचे,
कशाचे? तर न दिसणाऱ्या चार फेजचे
आणि एका जड, मुक्या ठोकळ्याचे.

"तू पाह्य बाप्पा," बाबा म्हणाले. "पैसे तुहे."
आणि उरलेला मठ्ठा संपवायला लागले.

मी चौदावाला घेतला.
हेडाऊंनी बिलावर मॉडेलचं शेवटचं अक्षर
चुकीचं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

रविवारी बाबांनी बैठकीपासून माझ्या टेबलापर्यंत
केबल ओढली, जिन्याच्या कडेनं,
वीतभर अंतरावर क्लिप, एकही ढिली नाही.
शेजारच्या ठवकर काकू विचारत होत्या,
नवीन मीटर बसवताय का?

तो दुसरा बोर्ड
एव्हाना कुणाच्या तरी घरी गेला असेल,
लाइटांसकट, आणि मजेत चालतही असेल.
मला ते कधीच कळणार नाही.
तीन आठवडे जुळवलेल्या ओळींतून
हे एक उत्तर निघत नाही.

काल बाहेर पंचेचाळीस.
रात्री साडेअकराला मी चौथ्या फेरीत,
कानांवर हेडफोन, पंखे पूर्ण वेगात.
बाबा दारात, हातात रिकामी बादली.
"किती?"
"एकसष्ट."
त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, लगेच काढली.
"चालते," म्हणाले,
आणि पाणी आणायला खाली गेले.